फिरत्या व्यक्तिचित्रकाराची पूर्वतयारी : सुरुवात ठाण्यापासून

निरनिराळ्या समाजांतील माणसांना समोर बसवून त्यांची व्यक्तिचित्रे रंगवायची, असे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आधी लडाख, कच्छ किंवा नागालँड येते. माझेही तसेच झाले होते. ठाण्याहून निघून मी कच्छमध्ये आठ दिवस राहिलो, अकरा चित्रे केली आणि घरी परतल्यावर ती भिंतीशी ओळीने लावून ठेवली, तेव्हा दिसले की आभले, चांदीचे दागिने आणि बांधणीच्या ओढण्या झकास उतरल्या होत्या, पण अकराही चेहरे एकाच घरातल्या भावंडांसारखे होते. पोशाखाला टेकायला काहीतरी हवे म्हणून वर एकेक डोके बसवावे, तशी ती चित्रे होती. त्यानंतर दोन वर्षे मी ठाणे आणि नवी मुंबई सोडून चित्रांसाठी कोठेही गेलो नाही. पुढे दिलेला कामाचा क्रम त्या दोन वर्षांत चुकतमाकत बसत गेलेला आहे. मी मुख्यतः तैलरंगात काम करतो, त्यामुळे तपशील त्या अंगाने आले आहेत. जलरंगाचा विचार जेथे वेगळा करावा लागतो तेथे तसे सांगितले आहे.

आधी लोकलच्या पासाएवढे अंतर

आपल्याकडे सुरुवातीसाठी लांब जावे लागत नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली; त्यामुळे सेक्टरांच्या आणि काचेच्या इमारतींच्या मागे दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशी आगरी-कोळी गावे अजून नांदती आहेत. ठाण्यात स्टेशनापासून चालत चेंदणी कोळीवाडा गाठता येतो, येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबे आहेत, बेने इस्रायल ज्यूंचे १८७९ मध्ये बांधलेले सिनेगॉग शहराच्या मध्यावर आहे, तुर्भ्याच्या बाजार समितीत सातारा जिल्ह्यातून आलेले माथाडी पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत आणि नवी मुंबईच्या मजूरनाक्यांवर सकाळी कामासाठी उभ्या राहणाऱ्यांत बंजारा स्त्री-पुरुष पुष्कळ असतात.

येथे निवडीची पहिली चूक होते. आपण एक कोळीण, एक वारली, एक माथाडी, एक बंजारा स्त्री अशी यादी करतो आणि चित्रमालिका शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या ‘विविधतेत एकता’ नाचासारखी दिसू लागते. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले होते. त्यांत पुष्कळशा चेहऱ्यांखाली माणसाच्या नावाऐवजी जमातीचे नाव छापलेले आढळते. आपल्याला त्या खंडांना नववा जोडायचा नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) मुंबईच्या रस्त्यांवरची नाना जातिधर्मांची माणसे पोस्टकार्डांसाठी चितारली, ती आजही जिवंत वाटतात, कारण त्यांची नजर पगडीइतकीच पगडीखालच्या माणसाच्या चालण्यावर आणि लगबगीवर होती असे मला वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की पाच समाजांतली पाच माणसे घेण्याऐवजी एकाच वस्तीतली पाच माणसे घ्यावीत, आणि तीसुद्धा वेगवेगळ्या वयांची. पाच आगरी स्त्रिया एकामागून एक रंगवल्या की लुगडे नेसण्याची रीत, कुंकवाचा आकार, दागिन्यांची ठेवण हे सर्व पाचही जणींत समान निघते आणि जे उरते, म्हणजे एकीची पुढे आलेली हनुवटी, दुसरीचा एक डोळा किंचित मिटता, तिसरीचे हसताना आधी उजवीकडे जाणारे तोंड, ते आपसूक नजरेत भरते. समाजाचे काय आणि माणसाचे काय, हे डोळ्यांना वेगळे करता येऊ लागले की मग खुशाल दूर जावे.

पहिल्या भेटीला ब्रश नेऊ नये

पहिल्या दोन भेटी केवळ ओळखीच्या असाव्यात. कोणाच्या ओळखीने जायचे हे महत्त्वाचे आहे. स्थानिक पुढाऱ्याच्या शब्दावर गेलात तर माणसे समोर बसतात, पण हुकूम आल्यासारखी बसतात, आणि ते चेहऱ्यावर उतरते. शाळेतील शिक्षिका, आशा सेविका, मासळी बाजारात वर्षानुवर्षे आपण जिच्याकडून म्हावरं घेतो ती बाई, चर्चमधील किंवा सिनेगॉगमधील कामकाज पाहणारी वडीलधारी मंडळी, यांच्यामार्फत गेलेले बरे. येऊरच्या एका पाड्यावर मला पहिल्याच दिवशी ऐकवले गेले की याआधी बरेच जण फोटो काढून गेले, ‘आणून देतो’ म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्या मंडळींची उधारी आपल्या डोक्यावर असते, हे धरूनच बोलणी करावीत.

वेळ त्यांची, आपली नव्हे. बेने इस्रायल कुटुंबाकडे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो, तेव्हा चित्राची गोष्टही काढू नये. माथाड्यांचे बाजार समितीतले काम पहाटेच्या आवकेवर चालते, म्हणून दुपारी जेवणानंतरचा निवांत तास मागावा. काही मुस्लिम कुटुंबांत मनुष्याकृती काढणे मान्य नसते. तेथे नकार आला तर तो एका शब्दात स्वीकारावा आणि चहा पिऊन निघावे.

खाडीकाठच्या कोळ्यांकडे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी चालते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी नऊला मोकळा असलेला माणूस तीन दिवसांनी त्याच वेळेला होडीत असतो, आणि त्यात त्याचा वायदेमोडेपणा काही नसतो. जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सुमारे सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे. हा हिशेब ढोबळ असला तरी बैठका ठरवायला पुरतो. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि बोटींवर जाणारे पुरुष त्या काळात घरी जाळी विणत बसलेले सापडतात. अडचण एवढीच की आपले रंग न वाळण्याचे दिवसही नेमके तेच.

परवानगी, मोबदला आणि दोन ओळींचा कागद

तोंडी होकार पुरेसा मानू नये, पण स्टॅम्पपेपर घेऊनही जाऊ नये. मी एका साध्या कागदावर समोरच्याच्या भाषेत लिहितो की चित्र कोण काढत आहे, ते प्रदर्शनात लावले जाईल का, विकले जाईल का, छापले जाईल का, खाली खरे नाव द्यायचे की नाही, आणि मोबदला किती. मोठ्याने वाचून दाखवतो, सही किंवा अंगठा घेतो आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवतो. ‘विकले जाईल’ हे कलम आडून आडून न सांगता सरळ सांगावे. आपले तोंड विकले जाणार या कल्पनेने काहींना हसू येते, काहींना राग येतो, आणि दोन्ही गोष्टी रंग लावण्याआधी कळलेल्या बऱ्या.

कायद्याची एक बाब चित्रकारांच्याही ध्यानात नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन स्वतःहून व्यक्तिचित्र करवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला कॉपीराइट करवून घेणाऱ्याचा असतो. आपण आपल्या इच्छेने एखाद्याला बसवून चित्र केले, तर तो आपला. म्हणजे खारघरच्या एखाद्या गृहस्थांनी आईचे चित्र पैसे देऊन काढून घेतले असेल, तर त्याची कॅलेंडरे छापण्याआधी त्यांना विचारावे लागते.

मोबदल्याबाबत माझा हिशेब असा की हातावर पोट असलेल्या माणसाचे जितके तास घेतले तितक्यांची मजुरी, वर चित्राची एक छापील प्रत. चित्राचे कौतुक हा मोबदला नव्हे. काही घरांत पैसे पुढे केल्याने अपमान होतो; तेथे साखर-चहापत्ती, मुलांना वह्या असे काही न्यावे, आणि काय न्यावे हे ज्याने ओळख करून दिली त्यालाच विचारावे.

सामान

सगळे सामान एका खांद्यावर मावले पाहिजे आणि दुसरा हात लोकलच्या दांड्यासाठी मोकळा राहिला पाहिजे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने वाशी-नेरूळकडे जाताना मी गर्दीच्या वेळा टाळतो. नऊ बाय बारा इंचांचे चार कॅनव्हास बोर्ड, झाकणात बोर्ड अडकवता येईल अशी रंगपेटी, तिला बसणारा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, सहा-सात ब्रश, एक पॅलेट नाइफ, चिंध्या, खडू, सुतळी, घडीचे स्टूल आणि पाण्याची बाटली, एवढे सहा-सात किलोंत बसते. ओले बोर्ड परत आणताना दोन बोर्ड समोरासमोर ठेवून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावावेत आणि सुतळीने बांधावे. हे न करता वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या माझ्या एका चित्रातल्या गालावर शेअर बाजाराचे भाव उमटले होते.

टर्पेंटाइन बरोबर नेऊ नये. ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेतून नेण्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याची मनाई आहे आणि कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमानातही ते चालत नाही. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे कोपऱ्यात गॅस पेटलेला असतो आणि पाळण्यात मूल असते, तेथे त्याचा वास आणि धोका दोन्ही नकोत. ब्रश करडईच्या किंवा जवसाच्या तेलात धुवून चिंधीने पुसावेत आणि घरी आल्यावर साबणाने साफ करावेत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून पिशवीत कोंबू नयेत, कारण तेल हवेशी संयोग पावून वाळताना उष्णता निघते आणि कोंडलेला बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात किंवा पसरून वाळवाव्यात.

जलरंग घेऊन फिरणाऱ्याचे ओझे निम्मे होते, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत पहिला हात वाळायला इतका वेळ लागतो की दुसरा देईपर्यंत समोरचा पेंगू लागतो. त्या दिवसांत ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद वापरावा आणि ओल्यात ओले काम एका दमात संपवावे, किंवा सरळ कोळशावर आणि कॉन्टे (रेखाटनाच्या कडक) खडूवर यावे. कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला नाही तर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते रंग लावल्यावरच दिसतात.

जागा आणि उजेड

घरात शिरल्यावर सर्वांत सुंदर कोपरा शोधू नये, एकाच बाजूने उजेड येणारा शोधावा. जुन्या घराची पडवी यासाठी उत्तम: वर छप्पर, तीन बाजूंनी आडोसा, एका बाजूने उघडे आकाश. सिडकोच्या एका खोलीच्या घरात दारातून येणारा उजेड वापरता येतो. ट्यूबलाइट मात्र विनंती करून बंद ठेवावी, नाहीतर दोन रंगांचे दोन उजेड चेहऱ्यावर भांडतात. आकृती आणि चित्र एका नजरेत मावण्यासाठी सहा-सात फुटांचे अंतर लागते, ते बहुतेक घरांत मिळत नाही. तेव्हा चित्राचा आकार लहान करावा किंवा आपण दाराबाहेर गॅलरीत उभे राहून समोरच्याला उंबरठ्याच्या आत बसवावे. शेजारपाजारचे मागे उभे राहून प्रत्येक फटकाऱ्यावर मत देतात, ते सोसावे.

पावसाळ्यात पुष्कळ घरांवर आणि अंगणांवर निळी ताडपत्री ताणलेली असते. तिच्याखाली बसलेल्या माणसाच्या कपाळावर, नाकावर आणि गालाच्या उंचवट्यांवर सगळीकडे निळसर-हिरवी झाक येते. डोळ्यांना ती पाच मिनिटांत दिसेनाशी होते, पण हात इमानाने तीच रंगवत राहतो आणि घरी दिव्याखाली पाहावे तो चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. सारसोळ्याला केलेली दोन चित्रे मी अशी वाया घालवली आहेत. जागा बदलणे शक्य नसेल तर पांढरा कागद समोरच्याच्या खांद्याजवळ क्षणभर धरून पाहावा. तो जितका निळा दिसेल तितकी निळाई मनात वजा करावी.

बैठक

पंचवीस मिनिटे बसणे, पाच-सात मिनिटे विश्रांती, असे चार फेरे म्हणजे एक बैठक. आणि एका चित्राला दोन बैठका, असा हिशेब धरावा. उठण्याआधी स्टुलाच्या पायांभोवती आणि समोरच्याच्या पावलांभोवती खडूने रेघ मारावी, म्हणजे परत बसताना जागा चुकत नाही. पहिली दहा मिनिटे कोणीही स्वतःसारखा बसत नाही, छायाचित्रासाठी बसल्यासारखा ताठ बसतो. तेवढा वेळ कागदावर पेन्सिलने रेखाटत राहावे आणि मान सैल पडून खांदे खाली आले की बोर्ड लावावा.

बाजूने दिसणारा चेहरा सोपा म्हणून तो परस्पर निवडू नये. १८३२ मध्ये जॉर्ज कॅटलिन हा अमेरिकी चित्रकार मिसूरी नदीच्या काठाने मूळनिवासींची चित्रे काढत फिरत असताना त्याने एका सरदाराचे चित्र बाजूने, म्हणजे अर्धाच चेहरा दिसेल असे, काढले. दुसऱ्या एकाने ‘हा अर्धाच माणूस’ म्हणून त्या सरदाराला हिणवले, भांडण पेटले आणि त्यात सरदार मारला गेला. ही हकीकत कॅटलिनने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्याकडे गोष्ट इतकी टोकाला जात नाही, परंतु ‘दुसरा डोळा कुठे गेला?’ हा प्रश्न मला तीनदा तरी विचारला गेला आहे. फोटो काढला की आयुष्य घटते असे मानणाऱ्या पिढीतली माणसे अजून हयात आहेत, तेव्हा काय काढणार आणि काय वगळणार हे आधी रेखाटनात दाखवावे.

पोशाखाचा प्रश्नही त्यांच्यावरच सोपवावा, हे मला घणसोलीजवळच्या एका आजींनी शिकवले. त्या सत्तरीच्या पुढच्या, खारातल्या भातशेतीवर आणि मिठागरावर सगळे आयुष्य गेलेल्या. पहिल्या दिवशी त्या गुडघ्यापर्यंत आवळलेल्या फिक्या लुगड्यात, हातावर सुक्या मासळीचा खवला चिकटलेला, अशा बसल्या होत्या आणि मला ते फार आवडले होते. मी रेखाटन पुढे केले तसे त्यांनी ते दोन बोटांनी बाजूला सारले आणि म्हणाल्या, “ह्या लुगऱ्यानं मना नको कारू.” दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो हिरवे काठापदराचे लुगडे, केसांना तेल, कानात सोने, आणि पाठ अशी ताठ की भिंतीला टेकायची गरज नाही. माझा पहिला विचार असा झाला की सगळा साजच बिघडला. अर्ध्या तासाने लक्षात आले की त्या ताठ पाठीतच त्या होत्या. कामाच्या लुगड्यातली बाई ही माझी आवड होती. ते चित्र त्यांच्या मर्जीने झाले. कामाच्या वेषातला छोटा अभ्यास हवा असेल तर तो वेगळा, विचारून करावा, आणि कशासाठी हवा ते सांगावे.

बोलत राहावे, पण प्रश्न विचारून भंडावू नये. तोंडाचा भाग रंगवताना गप्प बसायला सांगावे लागते, म्हणून तो बैठकीच्या शेवटच्या फेऱ्यासाठी ठेवावा. परक्या भाषेच्या प्रदेशात जाणार असाल तर ‘हनुवटी थोडी वर’, ‘डावीकडे पाहा’, ‘थकलात का?’, ‘उठून पाय मोकळे करा’, ‘झालं, आभारी आहे’ एवढी पाच वाक्ये त्यांच्या भाषेत पाठ करून जावीत. दुभाष्याच्या तोंडून आलेली ‘हनुवटी वर’ आणि तुमच्या मोडक्या उच्चारातली, यांनी चेहऱ्यावर वेगळे भाव येतात.

सावळ्या चेहऱ्याचे रंग

या भागावर थोडे रेंगाळावे लागेल, कारण पुस्तकांतली त्वचेची मिश्रणे बहुधा युरोपीय चेहऱ्यांसाठी सांगितलेली असतात. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखले जाणारे चार रंगांचे पॅलेट, म्हणजे पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा), गोऱ्या आणि निमगोऱ्या वर्णाला सुरेख चालते. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर मात्र काळ्या रंगाने केलेली सावली मेलेली दिसते आणि पांढरा घालून उजळवलेला भाग पिठूळ होतो. मी त्यात बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि अलिझरिन क्रिमझन (गडद किरमिजी) घालतो आणि काळा जवळपास काढून टाकतो.

क्रम असा. बर्न्ट सिएना तेलात पातळ करून चेहऱ्याचे मोठे आकार मांडावेत. मग डोळे किलकिले करून उजेडाचा एक भाग आणि सावलीचा एक भाग, असे दोनच तुकडे पाहावेत. सावलीसाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एकत्र करावेत, उबदार हवी असेल तर त्यात अलिझरिनचा स्पर्श द्यावा. उजेडातला मूळ रंग बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि किंचित लाल यांचा होतो. तो उजळ करताना पांढऱ्याकडे हात जाण्याआधी ऑकरने जितके उजळवता येईल तितके उजळवावे. पांढरा राखून ठेवावा तो चमकेसाठी. गडद त्वचेवर उघड्या आकाशाचा उजेड पडला की कपाळावरची आणि गालाच्या हाडावरची चमक निळसर असते, आणि ती निळाई धीटपणे लावली की उरलेला चेहरा आपोआप ऊबदार होतो. नवशिका येथेच घाबरतो आणि चमकेत पिवळा मिसळतो.

मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायला रंग नाइफच्या टोकावर घेऊन हातभर अंतरावरून चेहऱ्याशी ताडून पाहावा. हे करण्याआधी समोरच्याला सांगावे. चिखलासारखा गोळा तोंडासमोर धरलेला कोणालाच आवडत नाही.

चेहरा एकाच रंगाचा कधीच नसतो. तुर्भ्याच्या बाजारातल्या एका माथाडी मामांचे चित्र करताना त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, तेव्हा कपाळावर सरळ रेघ दिसली: रेघेच्या वर दोन छटा उजळ, खाली उन्हाने रापलेले. मानेची उजवी बाजू वर्षानुवर्षे पोत्यांच्या घासण्याने राठ आणि करडी पडली होती, डावी मऊ होती. मी सवयीने दोन्ही बाजू सारख्या रंगवल्या आणि मामा कोणासारखे तरी दिसू लागले, मामांसारखे दिसेनात. मानेची उजवी बाजू थोड्या कोरड्या ब्रशने पुन्हा केली आणि चेहऱ्याला हात न लावता सारखेपणा आला. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो, राखाडी असतो, आणि पाण्यावर काम करणाऱ्यांचा पिवळसर-लालसर असतो. खालचा ओठ वरच्यापेक्षा बहुधा गुलाबी असतो.

गोंदण, दागिने, वस्त्र

चेहरा उभा राहिल्याशिवाय दागिन्याला हात लावू नये, हा नियम मी कच्छनंतर स्वतःला घालून घेतला आहे. सोन्यासाठी सोनेरी रंग लागत नाही: खाली तपकिरी, वर ऑकर, आणि एका टोकावर पांढऱ्यात लिंबू-पिवळ्याचा ठिपका एवढ्यावर बुगडी चमकते. प्रत्येक मणी मोजत बसू नये.

गोंदणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे मोजावेच लागते. न्यूझीलंडमध्ये गॉटफ्रीड लिंडाउअर (१८३९–१९२६) या बोहेमियात जन्मलेल्या चित्रकाराने माओरी स्त्री-पुरुषांची अनेक व्यक्तिचित्रे केली. माओरींच्या चेहऱ्यावरचे ‘मोको’ हे गोंदण त्या त्या माणसाचे, त्याच्या कुळाचे आणि योग्यतेचे असते, ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चालत नाही. लिंडाउअरने ते रेघ न् रेघ टिपले, आणि त्या माणसांचे वंशज आज त्या चित्रांकडे आपल्या पूर्वजांकडे पाहावे तसे पाहतात. आपल्याकडच्या वृद्ध स्त्रियांच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे आणि हातांवरचे हिरवे ठिपके सजावट समजून अंदाजाने देऊ नयेत. कोणता ठिपका कोठे, किती, आणि सांगायची इच्छा असेल तर कोणी गोंदला, हे विचारून वहीत आकृती काढावी. बंजारा स्त्रियांच्या दंडावरचे चुडे, मंगळसूत्राची घडण, विधवेने काय घालायचे सोडले आहे, यांत झालेली चूक घरच्यांना चित्रातल्या इतर कोणत्याही चुकीपेक्षा आधी दिसते आणि अधिक लागते.

दूरचा प्रवास

येथवरचे अंगवळणी पडले की दूर जाण्यासाठी निराळे शिकावे लागते ते थोडेच. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा सरकारी परवाना, काढावे लागते. अंदमानातल्या संरक्षित जमातींच्या राखीव क्षेत्रांना १९५६ च्या विनियमाचे संरक्षण आहे. तेथे चित्रकाराने जायचा विचारच करू नये. अरुणाचलमधील झिरो खोऱ्यात आपातानी स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे गोंदण आणि नाकातील लाकडी चकत्या आता केवळ वृद्ध स्त्रियांत दिसतात, आणि त्यांना पाहायला येणाऱ्यांची संख्या त्यांच्यापेक्षा जास्त आहे. अशा ठिकाणी एकाच गावात दहा दिवस राहावे, पहिले चार दिवस घरांची, हातांची, चुलींची रेखाटने करावीत आणि चित्रासाठी विचारायला सहाव्या दिवसानंतर जावे. थंड प्रदेशात तैलरंग वाळायला अधिक दिवस घेतात, म्हणून परतीच्या आधीचे तीन दिवस नवे चित्र सुरू करू नये.

घरी आल्यानंतर

त्याच रात्री प्रत्येक बोर्डाच्या मागे नाव लिहावे, ते माणूस जसे उच्चारतो तसे. शिवाय गाव, तारीख, उजेडाची दिशा, बोलण्याची भाषा, आणि परवानगीच्या कागदाचा क्रमांक. चित्राचे शीर्षक तेच नाव, त्यांनी मोकळीक दिली असेल तर. अंतिम वार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावे. त्याआधी चित्र कोठे लावायचे असेल तर रिटचिंग वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वार्निशचा, पातळ हात पुरतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून न लावता मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी.

प्रत मात्र महिन्याच्या आत पोचवावी, आणि कुरिअरने न पाठवता स्वतः नेऊन द्यावी. चित्राचा फोटो उन्हात न काढता सावलीत काढावा, चांगल्या कागदावर छापून साध्या चौकटीत बसवावा. घणसोलीच्या आजींकडे मी ती घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चौकट दाराच्या उजेडात धरली, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले आणि डाव्या कानातल्या दागिन्यावर बोट ठेवले. तो तिरका झाला होता. त्यांच्या कानाचे भोक ओघळून खाली आलेले होते, त्यामुळे दागिना मुळातच कललेला असेल असे धरून मी तो कलता काढला होता. पण त्या त्यात सुताची गाठ मारून तो सरळ बसवतात, आणि ती गाठ मला दिसलीच नव्हती. त्यांनी कान पुढे करून गाठ दाखवली. मूळ चित्र अजून वार्निश व्हायचे होते, म्हणून त्या आठवड्यात मी दागिना खरवडून पुन्हा केला, गाठीसह, आणि नवी प्रत घेऊन परत गेलो.